द्राक्षबागेचे वर्ष आणि कर्जाचे वर्ष

फेब्रुवारीच्या अखेरीस इंदूरच्या बाजारात, बडोद्याच्या मंडईत किंवा हैदराबादच्या हातगाड्यांवर हिरव्या द्राक्षांचे ढीग दिसू लागले, की शहरातील ग्राहकाच्या दृष्टीने द्राक्षांचा हंगाम सुरू होतो. निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातील बागायतदाराच्या घरी मात्र तोवर वर्षाचे बहुतेक काम उरकत आलेले असते. ग्राहकाला द्राक्षे तीन महिने दिसतात, घराला ती बारा महिने सांभाळावी लागतात. या दोन कालगणनांमधील अंतर नीट समजून घेतल्याशिवाय फळबागेला दिलेले कर्ज हे खऱ्या अर्थाने त्या बागेला दिलेले कर्ज ठरत नाही. ते केवळ सातबाऱ्यावरील क्षेत्राला दिलेले कर्ज राहते.

उदाहरण म्हणून चार एकरांचे एक घर घ्यावे. आजोबा, आजी, मुलगा, सून, शाळेत जाणारी दोन मुले, गोठ्यात दोन-तीन गायी. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील शेतकऱ्याचे सरासरी धारण क्षेत्र १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांच्या आत होते. त्या मानाने हे घर सुस्थितीतील म्हणावे लागेल. द्राक्ष बागायतदार म्हटला की बंगला आणि मोटार डोळ्यांसमोर आणण्याची सवय शहराला आणि काही प्रमाणात बँकांनाही आहे. बंगला असतो, हे खरे. पण त्याची पायाभरणी एका चांगल्या वर्षाची आणि अपुरा राहिलेला वरचा मजला पुढच्या दोन वाईट वर्षांचा असतो.

या घराचे वर्ष सुरू होते एप्रिलमध्ये, उन्हाच्या ऐन कडाक्यात. शेवटचा घड उतरला की वेलीला थोडी विश्रांती देऊन खरड छाटणी होते. वर्षभर वाढलेले सर्व लाकूड काढून ओलांड्यावर जेमतेम एखादा डोळा राखला जातो. या छाटणीतून फळ मिळत नाही, फक्त काडी मिळते. पण पुढील वर्षी त्या काडीला घड लागणार की नाही, याचा निर्णय छाटणीनंतरच्या चाळीस ते साठ दिवसांत डोळ्याच्या आत, नजरेला न दिसणाऱ्या आकारात होत असतो. त्या काळात पाणी कमी पडले, नत्र जास्त झाले किंवा आभाळ सतत ढगाळ राहिले, तर ऑक्टोबरमध्ये घडाच्या जागी नुसती बाळी निघते. ‘घड जिरले’ असे त्याला म्हणतात, आणि या दोन शब्दांत एका घराचे संपूर्ण वर्ष मावते. मे महिन्यात तपासणीसाठी गेलेल्या अधिकाऱ्याला बागेत हिरवा पाला आणि उन्हात राबणारी चार माणसे दिसतात. ‘सध्या बागेत पीक नाही’ असा शेरा तो प्रामाणिकपणे लिहितो. वस्तुतः त्या वेळी पीक तयार होण्याचा सर्वांत नाजूक काळ चालू असतो.

फेलफुटी काढणे, सबकेन करणे, शेंडा मारणे, काड्या तारेवर बांधणे ही एप्रिल ते जूनची कामे. पावसाळ्यात काडी पिकते. हात त्या मानाने मोकळे होतात आणि नेमका त्याच वेळी पैसा संपतो. शाळांची फी, घराची डागडुजी, आजारपण, खते-औषधांच्या दुकानातील मागील उधारी या सर्वांची गाठ जुलै-ऑगस्टमध्ये पडते. ज्यांच्याकडे टोमॅटोचा तुकडा आहे त्यांची पिंपळगाव बसवंतच्या बाजारात आठवड्याची उलाढाल होते. ज्यांच्याकडे नाही, त्यांचे घर दुधाच्या बिलावर चालते. चार एकर द्राक्षे असलेले घर तीन महिने दोन गायींवर चालते, हे बाहेरच्या माणसास पटवून देणे कठीण आहे.

मग येते गोडी बहाराची छाटणी. सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत ती पुढे-मागे होते; निर्यातीचा बेत, पाऊस आणि मजुरांची उपलब्धता पाहून तारीख ठरते. पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या खाली उतरतात आणि एकरावर ठरवून काम घेतात. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. हातमोजे घालूनच हाताळावे असे हे औषध, आणि त्या दिवसांत मद्य घेतले तर त्याची बाधा अधिक होते. तरीही उघड्या हातांनी ते लावणारे मजूर आजही दिसतात, ही गोष्ट बागायतदारांच्या संघटनांनी अधिक गंभीरपणे घ्यावयास हवी.

तेथून पुढचे साठ-सत्तर दिवस घरात दुसरा विषय नसतो. आजोबा पहाटे बॅटरी घेऊन पानाच्या खालची बाजू पाहतात. तेलकट डाग दिसला म्हणजे डाऊनी आला. सून भ्रमणध्वनीवर हवामानाचा अंदाज पाहते आणि काल कोणते औषध किती मात्रेत मारले, ते वहीत लिहून ठेवते. ही वही किरकोळ नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपातील द्राक्षनिर्यात अडचणीत आली. अपेडाची ग्रेपनेट ही मागोवा घेणारी प्रणाली त्यापूर्वीच सुरू झालेली होती, परंतु प्रत्येक फवारणीच्या नोंदीचे मोल घराघरांत पोहोचविले ते त्या वर्षाच्या फटक्याने. आज निर्यातक्षम बागेत नोंदवही ही छाटणीच्या कात्रीइतकीच आवश्यक असते आणि पुष्कळ घरांत ती सुनेच्या किंवा मुलीच्या हस्ताक्षरात असते. दिवाळी येते ती ऐन फुलोऱ्याच्या आगेमागे. करंज्या तळल्या जात असताना बाहेर ट्रॅक्टरवरचा ब्लोअर घरघरत असतो, आणि भाऊबिजेला माहेरी निघालेली बाई आभाळ भरून आलेले पाहून अर्ध्या वाटेवरून परतते.

या काळातील श्रमांचे मोजमाप सहसा कोणी करीत नाही. ते साध्या अंकगणिताने करून पाहता येते. नऊ बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एकरात सुमारे ९६८ वेली बसतात. चार एकरांत ३,८७२. वेलीवर तीस घड राखले, तर १,१६,१६० घड झाले. घडातील जादा मणी काढण्यासाठी एका घडास एकच मिनिट धरले, तरी एका माणसाचे १,९३६ तास, म्हणजे आठ तासांचे २४२ दिवस होतात. हे काम मणी लहान असताना, दोनेक आठवड्यांतच उरकावे लागते. शिवाय हाच प्रत्येक घड जिब्रेलिक आम्लाच्या द्रावणात बुडविण्यासाठी, त्याच्याभोवतीची पाने काढण्यासाठी, पुढे कागद गुंडाळण्यासाठी आणि अखेर उतरविण्यासाठी पुनःपुन्हा हातात घ्यावा लागतो. मजूर अर्थातच लावले जातात. पण मजुरांच्या आधी आणि मजुरांच्या नंतर बागेत घरचीच माणसे असतात.

जानेवारीत निफाडचा पारा कधी कधी चार-पाच अंशांपर्यंत, क्वचित त्याहूनही खाली घसरतो. पाणी उतरू लागलेल्या मण्यांना अशा थंडीत तडे जातात, हिरव्या जातींत मणी गुलाबी पडतात. म्हणून पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवून धूर करतात आणि ठिबक चालू ठेवतात. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असली, तर त्यासाठी कोणाला तरी मध्यरात्री पंपावर जावे लागते, आणि शेजारी ऊस असला तर बिबट्याची धास्ती वेगळीच. एवढे करूनही २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील लांबलेला पाऊस किंवा २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट यांपुढे शेकोटीचा आणि वहीचा इलाज नसतो. मार्च २०२० मध्ये तर माल पिकून तयार झाला, आणि टाळेबंदीने बाजार बंद केला. पुष्कळांनी त्या वर्षी खाण्याची द्राक्षे बेदाण्याला घातली. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पण निदान तो शीतगृहात ठेवून वाट पाहता येते. तासगाव-सांगलीकडच्या बागायतदारांनी ही वाट फार पूर्वीच शोधून काढली होती. नाशिककरांना ती संकटाने दाखविली.

आता पैशाकडे वळू. माल बागेतच विकला जातो. व्यापारी येतो, भाव ठरतो, गाड्या भरतात. रोख रक्कम काही घरांना मिळते; पुष्कळांना धनादेश, पंधरा दिवसांचा वायदा आणि नंतर पुढचा वायदा मिळतो. परराज्यांतून येऊन लाखो रुपयांचा माल उचलून नाहीसे होणारे व्यापारी हा नाशिक जिल्ह्याचा जुना रोग आहे. २०२० साली अशा बुडीत रकमा वसूल करून देण्यासाठी नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांना स्वतंत्र मोहीम हाती घ्यावी लागली होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडलेल्या मालाचा पैसा मे-जूनपर्यंत येत राहतो, हे नियमाने व्यापार करणाऱ्यांच्या बाबतीतही खरे आहे.

आणि नेमका मार्च हा बँकेचा वसुलीचा महिना. बँकेचे वर्ष ३१ मार्चला संपते ते बँकेच्या सोयीने. बागेचा त्याच्याशी काही संबंध नाही. किसान क्रेडिट कार्डाच्या नूतनीकरणाची तारीख पुष्कळदा ज्या महिन्यात पहिल्यांदा कर्ज मंजूर झाले त्यावरून पडलेली असते. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये असेल तर व्यापाऱ्याचे पैसे यावयाचे असताना खाते भरण्याची वेळ येते. वेळेवर फेडणाऱ्यास मिळणारी व्याजसवलत गमावणे कोणासही परवडत नाही. मग आठ-दहा दिवसांसाठी सावकाराकडून किंवा दुकानदाराकडून मिळेल त्या व्याजाने रक्कम उचलून खाते भरावयाचे आणि नवे कर्ज मिळाले की ती परत करावयाची. ग्रामीण भागात यास ‘नवे-जुने करणे’ म्हणतात. बँकेच्या पुस्तकात ही वसुली शंभर टक्के दिसते. शेतकऱ्याच्या घरात मात्र स्वस्त कर्जाच्या मुळाशी महाग कर्जाचे आठ दिवस दडलेले राहतात.

यावर बँकांच्या बाजूने बोलण्यासारखेही पुष्कळ आहे. कर्जाऊ दिलेला पैसा ठेवीदारांचा असतो. निवृत्त शिक्षकाची ठेव आणि बागायतदाराचे कर्ज एकाच ताळेबंदाच्या दोन बाजूंना उभे असतात. व्याजसवलतीला एक वर्षाची मर्यादा आहे आणि तारखा लवचीक ठेवल्या तर न फेडणाऱ्यास निमित्त मिळते, हा आक्षेप अनुभवातूनच आलेला आहे. परंतु येथे नियम आड येत नाही, हे लक्षात घ्यावयास हवे. १९९८ साली सुरू झालेली आणि २०१२ साली सुधारण्यात आलेली किसान क्रेडिट कार्ड योजना पाहावी. परतफेडीची मुदत पिकाच्या अपेक्षित काढणीचा आणि विक्रीचा काळ पाहून बँकांनी ठरवावी, असे तिच्यात स्पष्ट म्हटले गेले. नुसती काढणी नव्हे, विक्रीसुद्धा. ज्याने हा शब्द त्या परिपत्रकात घातला, त्याने एखाद्या बागायतदाराचे घर जवळून पाहिले असावे! त्याच योजनेत पीककर्जाच्या मर्यादेवर दहा टक्के रक्कम काढणीपश्चात व घरगुती गरजांसाठी आणि वीस टक्के शेतीच्या साधनांच्या देखभालीसाठी धरण्याची तरतूद केली गेली. शेताबरोबर घरही चालवावे लागते, ही गोष्ट तिने आकड्यांत मान्य केली. अडचण आहे ती वर्षानुवर्षे त्याच तारखेस तेच नूतनीकरण करीत राहण्याच्या सवयीची.

एकरी किती कर्ज द्यावे याचे दर दरवर्षी जिल्हा पातळीवरील तांत्रिक समिती ठरविते. त्यात खते, औषधे, मजुरी यांचा विचार होतो. घरच्या माणसांच्या श्रमाचे काय? गहू, सोयाबीन, कापूस या पिकांच्या बाबतीत कृषी खर्च व मूल्य आयोग ‘ए-२ अधिक एफएल’ अशी खर्चाची एक पायरी मोजतो. त्यातील एफएल म्हणजे कुटुंबाचे श्रम: प्रत्यक्ष न दिलेली, पण हिशेबात धरलेली मजुरी. फळांना हमीभाव नाही, त्यामुळे तेथे हा हिशेब करण्याचे प्रयोजनच कोणास वाटले नाही. परिणामी द्राक्षांत चांगला नफा झाला असे म्हणताना त्या नफ्यात घरातील चार माणसांची वर्षाची न घेतलेली मजुरी मिसळलेली असते. वाणिज्याच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही हा हिशेब अपुरा वाटेल.

विम्याचीही थोडी तशीच गत आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात पाऊस व तापमान महसूल मंडळाच्या केंद्रावर मोजले जाते आणि गारपिटीसाठी वेगळा हप्ता भरून जादा संरक्षण घ्यावे लागते. ते घेतले आहे की नाही, हे पुष्कळांना गार पडल्यानंतर कळते. कर्जदारांसाठी २०२० पासून पीकविमा ऐच्छिक झाल्यामुळे ही माहिती वेळेवर देण्याची शाखांची जबाबदारी उलट वाढली आहे.

मात्र सर्वांत गंभीर प्रश्न नावाचा आहे. वर वर्णिलेल्या घरात वहीतील नोंदी सुनेच्या, थिनिंगच्या टोळीवर देखरेख सुनेची, कोणत्या ओळीत भुरी आधी येते हे ठाऊक सुनेला. सातबाऱ्यावर नाव आजोबांचे, खाते मुलाचे किंवा दोघांचे. कर्जाच्या कागदपत्रांत ती कोठे आलीच तर ‘व्यवसाय’ या रकान्यात तिच्यापुढे ‘गृहिणी’ असे लिहिलेले असते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत वहितीदारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण जेमतेम चौदा टक्क्यांच्या घरात होते. त्या वर्षी शेतात राबणाऱ्यांत स्त्रिया किती होत्या, हे कोणत्याही बांधावर उभे राहून मोजता आले असते. नाशिक जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. १९८६ साली याच जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले आणि त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम उभी राहिली. १९९२ साली शासनानेही त्याच नावाने योजना स्वीकारून पतीच्या संमतीने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची वाट मोकळी केली. वाट मोकळी आहे. वर्दळ कमी आहे.

याकडे केवळ न्यायाचा प्रश्न म्हणून पाहण्याचे कारण नाही. कर्जदार पुरुष नोव्हेंबरमध्ये अकस्मात गेला, तर बाग फुलोऱ्यात असते. खात्यावरील व्यवहार थांबतात, वारसनोंदीस वेळ लागतो, आणि डाऊनीला मात्र तिसऱ्या दिवशी फवारणी हवी असते. ज्या बाईला त्या बागेतील प्रत्येक ओळ पाठ आहे, तिला मंजूर मर्यादेतील एक रुपयाही उचलता येत नाही. औषध दुकानदाराने उधार दिले तर बाग वाचते, न दिले तर घराबरोबर बँकेचे तारणही जाते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ऐन खरड छाटणीच्या दिवसांत कर्ते पुरुष गमावलेल्या घरांनी हे सोसले आहे. सातबाऱ्यावर तिचे नाव असते आणि ती सहकर्जदार असती, तर दुःख टळले नसते, पण बाग थांबली नसती. जमिनीचे मालक असलेल्या संयुक्त कर्जदारांना किसान क्रेडिट कार्ड देता येतेच. त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही.

हा प्रश्न द्राक्षापुरता नाही. विदर्भातील संत्र्याचा मृग बहार फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आणि आंबिया बहार वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत हाती येतो; एकाच गावातील दोन शेजाऱ्यांची कर्जाची वर्षे त्यामुळे वेगळी असावयास हवीत. कोकणातील हापूसचा पैसा उन्हाळ्यातील काही आठवड्यांत येतो. शिमला-किन्नौरच्या सफरचंदाचा हंगाम तर पावसाळ्याच्या मध्यास सुरू होतो. देशभर पसरलेल्या बँकेच्या शाखांना एकच दिनदर्शिका पुरेल, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे.

नूतनीकरणाची तारीख बदलून घेणे फारसे कठीण नाही. ज्या वर्षी माल बरा गेला आणि व्यापाऱ्याचा पैसा हाती आला, त्या वर्षी जूनमध्येच खाते पूर्ण भरावे आणि तेथून नव्या वर्षाचे कर्ज घ्यावे. एकदाच काही महिने आधी भरावे लागते. त्यानंतर दरवर्षीची तारीख जूनमध्ये येते, विक्रीचा काळ उलटून गेल्यावर आणि ऑक्टोबरच्या छाटणीच्या पुष्कळ आधी. शाखेत जाताना फवारणीची वही आणि विक्रीच्या पावत्या बरोबर न्याव्यात, म्हणजे पैसा केव्हा येतो हे तोंडी सांगावे लागत नाही. त्याच फेरीत तलाठ्याकडे पत्नीचे नाव लावण्याचा अर्जही देता येईल. खरड छाटणी झालेली असते, शाळा सुरू व्हावयाच्या असतात. घराला थोडी सवड मिळते ती याच दिवसांत.